गर्दीतला हंडेवाला

माणसाच्या रक्तातली एक तांबडी पेशी शंभर कोटी पटींनी मोठी केली, तर ती साधारण जबलपूरएवढी होईल. पेशीचा व्यास साडेसात मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले साडेसात. शंभर कोटींनी गुणल्यावर त्याचे साडेसात किलोमीटर होतात. जबलपूर स्टेशनवर उतरून गढ्याच्या मेडिकल कॉलेजकडे रिक्षा केली, तर अंतर जवळपास तेवढंच पडतं. हे फुगवलेलं शहर मेदूवड्यासारखं दिसेल, फक्त भोक न पडलेला मेदूवडा. मध्ये दोन्हीकडून दाबलेला आणि कडेला दोन किलोमीटर उंच. त्याच्या अंगावर सगळीकडून एक कातडं असेल. ते पेशीचं पटल. साडेसात किलोमीटरच्या शहराला पाच मीटर जाडीचं, म्हणजे जेमतेम दीड मजल्याचं कातडं.

या दीड मजल्यात राहतं कोण? फॉस्फोलिपिड नावाचे मेदाचे रेणू. आपल्या मापात प्रत्येकाची उंची दोन-अडीच मीटर. डोकं पाण्याकडे, दोन लांब पाय आत. असे दोन थर पायांना पाय लावून उभे. १९२५ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरला आणि पटल दोन थरांचं असणार हे ताडलं, तिथून हे चित्र सुरू झालं. एका तांबड्या पेशीच्या पटलात सुमारे २५ कोटी फॉस्फोलिपिड असतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. तेव्हा दोन महाराष्ट्र एका जबलपूरच्या सालीत बसवायचे, वर जवळपास तितकंच कोलेस्टेरॉल त्यांच्या मधल्या फटींत कोंबायचं, आणि प्रथिनांसाठी जागा सोडायची ती वेगळीच. तरीही प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या चौरस मीटरहून थोडी जास्त जागा येते. मुंबईच्या लोकलच्या मानाने हे ऐसपैसच म्हणायचं.

आणि हे सगळे उभ्या उभ्या स्वस्थ नसतात. आपल्या थरात राहून ते सारखे सरकत असतात, एका सेकंदाला शेजारी साधारण एक कोटी वेळा बदलतात.

जबलपूर हे नाव मी नुसतं अंतर जुळतं म्हणून घेतलेलं नाही. नागपूरच्या रस्त्याने येताना तिलवारा घाटाला नर्मदा ओलांडली की गढा लागतो. तिथे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८४ मध्ये आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था उभारली, आणि तिच्या कामाचा एक मोठा भाग आहे सिकलसेल. मंडला, दिंडोरीचे गोंड आणि बैगा, इकडे आपले गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार. हा एकच पट्टा आहे, राज्याची सीमा रक्ताला ठाऊक नसते. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते १९५८ मध्ये, नागपूरहून. सरकारी कागदांत आज जो आकडा वारंवार येतो तो असा: अनुसूचित जमातींमध्ये दर ८६ जन्मांमागे एक मूल सिकलसेलचं.

रोगाचं मूळ केवढंसं आहे ते बघा. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ५७४ अमिनो आम्लं असतात. त्यातली दोन बदललेली असतात, प्रत्येक बीटा साखळीतलं सहावं. बाकी ५७२ जशीच्या तशी. पण एका पेशीत हिमोग्लोबिनचे रेणू असतात सुमारे २७ कोटी. ऑक्सिजन सोडला की ते एकमेकांना चिकटून दोर वळायला लागतात. एका दोरात १४ पदर. आपल्या मापात त्या दोराची जाडी २१ मीटर, म्हणजे सहा-सात मजली इमारत आडवी घातल्यासारखी, आणि लांबी किलोमीटरांत. असे असंख्य दोर पाच मीटरच्या कातड्याला आतून ढोसणार. पेशी कोयत्यासारखी वाकते ती त्यामुळे. मग प्रश्न येतो की त्या कातड्यात नेमकं काय होतं? ते सैल पडतं की ताठरतं? आतल्या थरातले रेणू बाहेर येतात का? हा शेवटचा प्रश्न जिवावरचा आहे. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा एक फॉस्फोलिपिड निरोगी पेशीत आतल्या थरातच असतो. तो बाहेर दिसू लागला की रक्त गोठण्याच्या क्रियेला आमंत्रण मिळतं आणि प्लीहा-यकृतातल्या भक्षक पेशी त्या पेशीला ‘हिचे दिवस भरले’ असं समजतात.

२५ कोटींच्या गर्दीत काय चाललंय हे विचारायला आत एक माणूस पेरावा लागतो. तो माणूस म्हणजे स्पिन प्रोब.

कल्पना १९६५ ची, स्टॅनफर्डच्या हार्डेन मॅक्कॉनेलची. त्याआधी १९४४ मध्ये रशियातल्या कझान शहरात झावोयस्कीने दाखवलं होतं की जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनला चुंबकाच्या मध्ये ठेवून विद्युतचुंबकीय लहरी सोडल्या, तर चुंबकाच्या एका ठरावीक ताकदीला तो त्या शोषून घेतो. जिवंत पटलात असे एकटे इलेक्ट्रॉन सहसा नसतात, सगळ्यांची लग्नं झालेली. मॅक्कॉनेलने म्हटलं, नसेल तर बाहेरून नेऊ. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या जोडणीवर एक इलेक्ट्रॉन एकटा बसलेला असतो, असा नायट्रॉक्साइडचा गट घ्यायचा, त्याला चारही बाजूंनी कार्बनचं कुंपण घालायचं म्हणजे तो टिकतो, आणि तो गट मेदाच्या रेणूच्या पायाला बांधून पटलात सोडायचा. मग त्या एकट्या इलेक्ट्रॉनचा संदेश ऐकत बसायचं.

आता आपल्या शंभर कोटी पटींच्या मापात या गटाचा आकार किती? साधारण अर्धा-पाऊण मीटर. म्हणजे नर्मदा जयंतीच्या ग्वारीघाटावरच्या गर्दीत एकाच्या मांडीला पाण्याचा हंडा बांधून त्याला आत सोडायचं आणि मग विचारायचं, ‘काय हो, आत गर्दी कशी आहे?’

स्पिन प्रोबच्या मर्यादांवर जे काही लिहिता येईल ते बहुतेक सगळं या एका हंड्यात आहे. प्रयोगात साधारण शंभर फॉस्फोलिपिडांमागे एक हंडेवाला ठेवतात. जास्त सोडले तर हंड्यावर हंडा आपटून संदेशात गोंगाट होतो. शंभरात एक म्हणजे फारच विरळ. पटलाला कळणारसुद्धा नाही असं वाटतं, आणि लेखांतूनही हे समर्थन नेहमी वाचायला मिळतं. हिशोब बरोबर आहे. प्रत्येक हंडेवाल्याला खेटून पाच-सहा जण असतात. त्यांना हंडा लागतो. उरलेल्या नव्वदांहून अधिक लोकांना त्याचा पत्ताही नसतो. फक्त गंमत अशी की आपला साक्षीदार त्या नव्वदांना भेटतच नाही. त्याला ज्यांचे धक्के लागतात ते नेमके हंडा लागलेलेच पाच-सहा जण. पटल बिघडलेलं नसतं, हे खरं. पण ज्याची साक्ष काढतो आहोत तो तुकडा मात्र बिघडलेलाच असतो.

संदेश किती बारीक असतो तेही सांगायला हवं. नेहमीच्या यंत्रात चुंबकाची ताकद असते ३४०० गॉस, जबलपूरला पृथ्वीचं जे चुंबकीय क्षेत्र आहे त्याच्या सात हजार पटींहून जास्त. लहरींची कंपनं सेकंदाला साडेनऊशे कोटी. एवढा सरंजाम उभारूनही दहा हजार इलेक्ट्रॉनांमध्ये चुंबकाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे यांत फरक पडतो आठाचा. ५००४ विरुद्ध ४९९६. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एवढ्या फरकावर फेरमोजणी मागतील. संदेश येतो तो या आठांचा. बाकी ९९९२ एकमेकांना खोडून गप्प बसतात. आलेख निघतो तीन रेषांचा. हंडा पाण्याजवळ आहे की तेलात बुडालाय हे त्या रेषांमधल्या अंतरावरून कळतं, आणि पाण्यातलं व तेलातलं अंतर यांत फरक असतो सुमारे दोन गॉसचा. साडेतीन हजारांतले दोन. हे वाचता येतं याचंच मला अधिक नवल वाटतं, मर्यादांचं नंतर.

पाण्याचा एक त्रास आहेच. यंत्रातल्या या सूक्ष्मलहरी पाण्यात शोषल्या जातात, स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये भाजी तापते ती त्याच गुणामुळे. म्हणून रक्ताचा नमुना मिलिमीटरभर रुंदीच्या काचनळीत भरावा लागतो. हे काही फार मोठं संकट नव्हे, लोकांनी त्यावर उपाय शोधलेले आहेत.

खरी भानगड वेळेची आहे, आणि तिचा आवाका डोक्यात मावत नाही म्हणून आणखी एक मोजपट्टी धरू. एका नॅनोसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाला, एक सेकंद म्हणू. अंतर जितक्या पटींनी ताणलं तितक्याच पटींनी वेळही. या घड्याळात आपला साधा एक सेकंद बत्तीस वर्षांचा होतो.

हंडेवाल्याला नेहमीच्या यंत्रातून काय दिसतं? या घड्याळाने सेकंदाच्या शंभराव्या भागापासून ते शंभर सेकंदांपर्यंत घडणाऱ्या हालचाली. त्याहून जलद जे घडतं ते त्याला सरसकट एकच वाटतं. त्याहून सावकाश जे घडतं ते त्याला जागच्या जागी थिजलेलं दिसतं. सावकाश हालचाली पकडायची निराळी तऱ्हा १९७० च्या दशकात निघाली, तिने ही खिडकी बरीच वाढवली. पण बहुतेकांच्या हातात असतं ते नेहमीचंच यंत्र.

भेडाघाटला धुआंधारचा फोटो ज्यांनी काढलाय त्यांना हे लगेच कळेल. कॅमेऱ्याची झडप क्षणभरच उघडली तर पाण्याचा थेंब थेंब सुटा दिसतो, जणू हवेत काचा लटकल्यात. तीच झडप दोन सेकंद उघडी ठेवली तर तिथे दुधाची साय पसरलेली दिसते. धबधबा तोच, दोन्ही फोटो खरे. पण पहिला पाहून कुणी म्हणालं की धुआंधारचं पाणी हवेत थांबलेलं असतं, तर?

असं म्हटलं गेलं होतं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन विद्यापीठात जोस्ट, ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईबैलांच्या हृदयातून काढलेल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या प्रथिनाभोवतीचा मेद स्पिन प्रोबने तपासला. आलेखात दोन वेगळे भाग निघाले. एक नेहमीचा चंचल मेद, दुसरा प्रथिनाला चिकटून थिजलेला. प्रथिनाभोवती मेदाचं एक कडं असतं, असा निष्कर्ष निघाला आणि गाजला. मग हीच गोष्ट ड्यूटेरियम वापरून दुसऱ्या तंत्राने, एनएमआरने, पाहिली गेली. तिथे एकच भाग दिसला. कडं गायब! वर्षानुवर्षं वाद चालला. उत्तर घड्याळात होतं. प्रथिनाला खेटलेला मेदाचा रेणू आपल्या ताणलेल्या वेळेत दोन-पाच मिनिटं, फार तर पंधरा-वीस मिनिटं तिथे टिकतो आणि निघून जातो. हंडेवाल्याच्या शंभर सेकंदांच्या खिडकीतून तो थांबलेलाच दिसणार. एनएमआरची झडप मात्र उघडी राहते पावणेतीन तास. तेवढ्यात येणारे-जाणारे सगळे मिसळून एकच साय. थिजलेलं कडं नव्हतं आणि कडं नव्हतंच असंही नव्हतं. पाहुणे होते.

याच सुमाराला, १९७४ मध्ये, बाझेलच्या योआखिम झेलिग यांनी निडरबर्गरसोबत एक निबंध लिहिला. त्याचं शीर्षकच ‘मेदाच्या दुहेरी थराची दोन चित्रं’ अशा अर्थाचं आहे. झेलिग आधी स्पिन प्रोबवालेच, नंतर त्यांनी ड्यूटेरियम धरलं. ड्यूटेरियममध्ये हंडा नाही; हायड्रोजनच्या गाभ्यात एक न्यूट्रॉन जास्त, बाहेरून माणूस तोच. त्या चित्रात मेदाचे पाय वरून बराच भाग, नवव्या-दहाव्या कार्बनपर्यंत, सारखेच शिस्तीत उभे असतात आणि मग टोकाकडे एकदम सैल होतात. स्पिन प्रोबच्या चित्रात सैलपणा वरपासूनच हळूहळू वाढत जातो. फरक का? थोडा घड्याळाचा, थोडा हंड्याचा. मांडीला हंडा बांधलेला माणूस सावधान उभा राहू शकत नाही. त्यातून हा हंडा पाण्याचा शौकीन आहे. नायट्रॉक्साइडला तेलापेक्षा पाण्याचा शेजार बरा वाटतो, म्हणून पायाच्या पार टोकाला बांधला तरी पाय दुमडून तो अधूनमधून वर येतो. आपण समजतो तळमजल्याची बातमी आली, आणि हा गॅलरीत उभा राहून बोलत असतो.

पटलाची ‘तरलता’ एका आकड्यात सांगणारे निबंध मी जेव्हा वाचतो, आणि औषध दिल्यावर तो आकडा दुसऱ्या दशांश स्थानी हलला म्हणून पटल सैल झालं असं त्यात लिहिलेलं असतं, तेव्हा मला तो दुमडलेला पाय आठवतो.

पण मर्यादांच्या यादीतली एक गोष्ट एका विद्यार्थ्याने हत्यार म्हणून वापरली, आणि पटलाच्या अभ्यासातला सगळ्यात डोकं गरगरवणारा आकडा तिथून आला. नायट्रॉक्साइडचं व्हिटॅमिन सीशी पटत नाही. ते भेटलं की एकट्या इलेक्ट्रॉनला जोडीदार मिळतो आणि संदेश बंद. जिवंत पेशीच्या आतही अशी रसायनं भरपूर, त्यामुळे प्रोब मिनिटामिनिटाला मुका होत जातो. प्रयोग करणाऱ्यांची ही कायमची डोकेदुखी. मॅक्कॉनेलचा विद्यार्थी रॉजर कॉर्नबर्ग याने १९७१ मध्ये मेदाचे कृत्रिम फुगे घेतले आणि मुद्दाम बाहेरून व्हिटॅमिन सी घातलं. थंडाव्यात ते आत शिरत नाही. म्हणून बाहेरच्या थरातले हंडेवाले मुके झाले, आतले बोलत राहिले. मग आतले बाहेर कधी येतात हे मोजत बसणं तेवढं उरलं. उत्तर आलं, ३० अंश सेल्सिअसला अर्धं स्थित्यंतर व्हायला साडेसहा तास. हाच कॉर्नबर्ग पुढे २००६ मध्ये वेगळ्याच कामासाठी, जनुकांची नक्कल कशी होते त्यासाठी, नोबेल घेऊन गेला.

साडेसहा तास ऐकायला काहीच नाही. पण त्याच थरात शेजारी बदलायचा वेग आठवा, सेकंदाला एक कोटी. साडेसहा तासांचे सेकंद होतात २३,४००. म्हणजे एक रेणू वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर कोलांटी घेण्याआधी सुमारे २३,४०० कोटी शेजारी बदलून बसलेला असतो. आपल्या ताणलेल्या घड्याळात बोलायचं तर शेजारी दर शंभर सेकंदांनी बदलतो आणि मजला सात लाख चाळीस हजार वर्षांनी.

तांबड्या पेशीत काही रेणूंना मात्र एवढी वाट पाहावी लागत नाही. १९८४ मध्ये पॅरिसमध्ये सेन्यरे आणि फिलिप दव्हो यांनी स्पिन प्रोब बांधलेले फॉस्फोलिपिड तांबड्या पेशींत घातले. फॉस्फॅटिडिलसेरीन मिनिटांत आत ओढलं गेलं, त्याचा चुलतभाऊ फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन त्याहून बऱ्याच सावकाश, आणि कोलीनवाला फॉस्फोलिपिड कित्येक तास बाहेरच बसून राहिला. पेशी ऊर्जा खर्च करून निवडक रेणूंना आत खेचते, पटलात तसा पंप आहे, हे त्यातून उघड झालं. हा शोध स्पिन प्रोबचाच. १९९१ मध्ये दव्हो यांच्या गटाने हीच तऱ्हा सिकलसेलच्या रक्तावर लावली. ऑक्सिजन काढून पेशी कोयत्यासारख्या वाकल्या की पंप मंदावतो आणि आपोआप गळती वाढते, असं दिसलं. मंडल्याच्या मुलाच्या रक्तात काय होत असेल त्याचा हा थेट धागा.

फक्त साक्षीदाराकडे एकदा नीट बघायला हवं. खऱ्या फॉस्फोलिपिडाचे दोन्ही पाय सोळा-अठरा कार्बनांचे. एवढ्या लांब पायाचा रेणू बाहेरून पेशीत घालता येत नाही, तो पाण्यात विरघळतच नाही. म्हणून दव्हो यांच्या प्रोबमध्ये एक पाय पाच कार्बनांचा ठेवलेला होता आणि हंडा त्यालाच. म्हणजे एक पाय मांडीत तोडलेला आणि उरलेल्या खुंटाला हंडा. असा रेणू पटलात सुटतो सहज, आणि कोलांटीही सहज घेतो. पंप त्याला ओळखतो हे खरं. पण जी मिनिटं मोजली गेली ती या पांगळ्याची मिनिटं आहेत, धडधाकट रेणूची नव्हेत.

सिकलसेलमध्ये दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. रोग दिसायला ऑक्सिजन काढावा लागतो. पण ऑक्सिजन स्वतःच चुंबकीय रेणू आहे, दोन एकटे इलेक्ट्रॉन बाळगणारा, आणि तो मेदात पाण्यापेक्षा जास्त विरघळतो. तो हंड्याला येऊन धडकला की आलेखातल्या रेषा रुंदावतात. तो काढला की रेषा आपोआप बारीक होतात, पटलात काहीही न बदलता. उलट हिमोग्लोबिनचं. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला जुमानत नाही आणि ऑक्सिजन सोडलेलं चुंबकीय होतं, हे लायनस पॉलिंग आणि कोरियेल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे आधी आणि नंतर या दोन आलेखांत फरक दिसला तर त्यातला किती पटलाचा, किती ऑक्सिजनचा आणि किती हिमोग्लोबिनचा हे वेगवेगळ्या ताळ्यांनी सोडवत बसावं लागतं. जाता जाता, याच पॉलिंगनी १९४९ मध्ये सिकलसेलला ‘रेणूचा रोग’ ठरवलं. त्या निबंधाच्या चार लेखकांत एक नाव एस. जे. सिंगर आहे. पुढे १९७२ मध्ये निकल्सनबरोबर पटलाचं ‘तरल मोझेइक’चं चित्र ज्यांनी मांडलं, तेच हे सिंगर. हिमोग्लोबिन आणि त्याचं कातडं, दोन्हीकडे एकाच माणसाची सही.

आणि शेवटी मोजणीचा मामला. बऱ्यापैकी आलेख यायला साधारण एकावर चौदा शून्यं इतके हंडेवाले लागतात, म्हणजे एक कोटी गुणिले एक कोटी. जगातल्या सगळ्या माणसांच्या साडेबारा हजार पट. एका तांबड्या पेशीत शंभरात एक या हिशोबाने २५ लाख मावतात. तेव्हा चार कोटी पेशी लागल्या. रक्ताच्या दृष्टीने हे किरकोळ आहे. चार कोटी पेशी आठ मायक्रोलिटरमध्ये येतात, थेंबाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात. पण आलेख काढायला एखादं मिनिट जातं, आणि आपल्या ताणलेल्या घड्याळात ते मिनिट एकोणीसशे वर्षांचं आहे. शंभर सेकंदांच्या खिडकीतून बघणाऱ्या असंख्य साक्षीदारांचं एकोणीसशे वर्षांतलं बोलणं एकत्र करून तीन रेषा उमटतात.

सिकलसेलच्या रक्तात हा मोठा घोटाळा आहे, कारण तिथे सगळ्या पेशी एकसारख्या नसतात. काही ताज्या, काही कायमच्या वाकलेल्या, काही मरणपंथाला. समजा आलेखावरून काढलं की आतलं तीन टक्के फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर आलंय. प्रत्येक पेशीचं तीन-तीन टक्के बाहेर आलं, की शंभरातल्या तीन पेशींचं सगळंच्या सगळं? पहिल्या प्रकारात रोग्याला काही जाणवणारही नाही. दुसऱ्यात त्या तीन पेशी रक्तवाहिनीत गुठळी धरायला पुरेशा आहेत. स्पिन प्रोबला या दोन्ही स्थिती एकच. १९९६ मध्ये कायपर्स आणि सहकाऱ्यांनी फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटणारं, चकाकणारं अ‍ॅनेक्सिन लावून पेशी एकेक करून मोजल्या, तेव्हा कळलं की फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर आलेल्या पेशी हा एक छोटा वेगळा गटच असतो. सरासरीत तो गट विरून गेला होता. हंडा, घड्याळ, व्हिटॅमिन सी या अडचणींवर हुशार माणसं तोड काढतात. सरासरीवर तोड नाही. माझ्या मते स्पिन प्रोबची खरी मर्यादा ही, आणि पाठ्यपुस्तकांत ती शेवटच्या ओळीत असते.

गढ्याहून एखाद्याने असा नमुना तपासायचं मनावर घेतलं, तर हे यंत्र आहे पवईला आयआयटी मुंबईच्या सामाईक उपकरण केंद्रात, रेल्वेने हजारेक किलोमीटर. बर्फात ठेवून रक्त नेता येईल. पण गाडी दादरला लागेपर्यंत त्या ताणलेल्या घड्याळात अठरा-वीस लाख वर्षं उलटलेली असतील, आणि मिनिटांत आत ओढलं जाणारं जे काही होतं त्याचा निकाल केव्हाच लागलेला असेल. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, म्हणजे त्या घड्याळाने ३३ कोटी वर्षं. सिकलसेलची पेशी दहा-वीस दिवस, म्हणजे तीन ते साडेपाच कोटी. १८२८ मध्ये इंग्रज अधिकारी स्लीमनला जबलपूरच्या टेकडीत डायनोसॉरची हाडं सापडली होती, भारतातली पहिली. निरोगी पेशीच्या आयुष्यात त्या प्राण्यांचा अख्खा जमाना येऊन जाईल. सिकलसेलच्या पेशीला आजपासून मागे मोजत गेलं तर त्यांचा शेवटचा दिवसही गाठता येणार नाही.

१ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. लक्ष्य सात कोटी लोकांच्या तपासणीचं. गावोगाव पहिली चाचणी होते ती विद्राव्यतेची, आणि तिला इलेक्ट्रॉन लागत नाही, चुंबक लागत नाही. बोटातून वीसेक मायक्रोलिटर रक्त घ्यायचं. सात कोटींचं मिळून होईल १,४०० लिटर, एखाद्या घराच्या गच्चीवरची टाकी. त्या थेंबात दहा कोटी तांबड्या पेशी, प्रत्येकीत पंचवीस कोटींची ती गर्दी. नळीतल्या द्रावणात सॅपोनिन असतं. ते आधी सगळी पटलं फोडून टाकतं. दोन्ही मजले, शेजार, पंप, सगळं काही क्षणांत विस्कटून जातं. मग डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं, आणि मंडल्याच्या एखाद्या उपकेंद्रात परिचारिका ती नळी काळ्या रेघा ओढलेल्या कागदापुढे धरते. रेघा पलीकडून दिसल्या तर मूल घरी जातं. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर त्या मुलाचं नाव पुढच्या तपासणीच्या वहीत लिहिलं जातं.